मेणाशी गाठ

मधमाश्यांचे मेण साधारणपणे 62 ते 64 अंश सेल्सिअसला वितळते. ठाण्यातील, नौपाड्यातील आमचे स्वयंपाकघर मात्र त्याच्या बरेच आधी तापते. मेहुण्याने महाबळेश्वरहून मधाबरोबर या मेणाची एक पिवळीधमक ढेप आणली, "घरच्या घरी मेणबत्त्या करा, अगदी सोपं असतं," असे सांगितले आणि तो लगोलग डोंबिवलीला निघून गेला. अमुक गोष्ट सोपी असते असे सांगणारी माणसे ती पाहायला कधीच थांबत नाहीत.

पहिला प्रश्न भांड्याचा. मेण थेट आचेवर ठेवायचे नसते, कारण ते प्रमाणाबाहेर तापले तर पेट घेते. म्हणून मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात दुसरे भांडे बसवायचे आणि त्यात ते सावकाश वितळू द्यायचे. तांबे, पितळ किंवा लोखंड यांच्या संगतीने त्याचा रंग बिघडतो, तेव्हा भांडे स्टीलचेच हवे. आमच्याकडे स्टीलची भांडी मोप आहेत, परंतु चौकशीअंती असे समजले की त्यांतील एक दुधाचे, एक नैवेद्याचे, एक फक्त साबुदाणा भिजवण्याचे आणि कोपऱ्यातले चेपलेले भांडे कशाचेच नसले तरी सौभाग्यवतींच्या माहेरचे आहे. अखेर जांभळीनाक्याच्या बाजारातून नवे पातेले आणावे लागले. दुकानदाराने रिवाजाप्रमाणे "नाव काय घालू?" असे विचारले, तेव्हा पुढेमागे कोणी त्यात खीर करू नये म्हणून सौभाग्यवतींनी त्यावर ठळक अक्षरांत ‘मेण’ असे कोरून घेतले.

वितळलेले मेण गाळावे लागते. पोळ्यातला केरकचरा आणि क्वचित मधमाशीचा एखादा अवयवही त्यात असतो, आणि हे ज्या फडक्याने गाळाल ते फडके पुन्हा चक्का टांगायला मिळत नाही. कामकरी माशी आपल्या पोटाखालच्या आठ ग्रंथींतून या मेणाचे पातळ पापुद्रे काढते आणि त्यांचे षट्कोनी घर बांधते, ही माहिती मी मोठ्या कौतुकाने देत होतो. त्यावर, "ती बिचारी स्वतःचं घर बांधते, तू दुसऱ्याचं मोडतोस," एवढेच आई म्हणाली.

खरा संघर्ष वातीवरून झाला. समईच्या वाती वळण्यात आईचा हात धरणारे आमच्या इमारतीत कोणी नाही, आणि घरात वाती असताना वात विकत आणायची ही कल्पनाच तिला सोसवेना. तेल पातळ असते, ते कोणत्याही वातीतून निमूटपणे वर चढते. हे मेण मात्र दाट असल्यामुळे त्याला साध्या मेणबत्तीपेक्षा जाड आणि विणलेली सुती वात लागते. अशी वात जळताना ज्योतीच्या कडेला वाकते आणि तिचे टोक आपोआप जळून जाते, त्यामुळे काजळी झटकत बसावे लागत नाही. वात बारीक पडली, तर ज्योत मधोमध विहीर खणत खाली जाते आणि शेवटी त्याच विहिरीत बुडून विझते. हे सगळे मी आईला सविस्तर समजावून सांगितले. तिने ते शांतपणे ऐकून घेतले आणि दोन दिवस माझ्याशी जेवणापुरतेच बोलली.

त्यानंतर साचा. मेण एकदम गार झाले की तडकते. शिवाय निवताना ते आकसते आणि वातीभोवती खळगा पडतो, तो पुन्हा मेण ओतून भरावा लागतो. मे महिन्यातील ठाण्याच्या दमट दुपारी आम्ही पंखा बंद करून, खिडक्या लोटून, बाळंतिणीच्या खोलीसारखा बंदोबस्त करून बसलो. मेणबत्तीला वारा लागू नये म्हणून तीन धडधाकट माणसे घामाने निथळत होती. वासाने एक मधमाशी मात्र खिडकीच्या जाळीवर येऊन बसली, बहुधा येऊरच्या डोंगराकडून मालाची चौकशी करायला आली असावी.

सांडलेल्या मेणाविषयी सभ्य भाषेत लिहिणे अवघड आहे. ओट्यावरचे खरवडून निघते, कपड्यावरचे जुने वर्तमानपत्र ठेवून इस्त्री फिरवली की बरेचसे कागदात उतरते. परंतु मेणाचे भांडे गरम पाण्याने मोरीत धुणे हा सर्वात मोठा अपराध होय, कारण पाणी पुढे जाते आणि मेण वाटेतच नळीत मुक्काम ठोकते. नळकामवाल्याने ती नळी सोडवली, आतला पिवळा गोळा हातात घेऊन त्याचा वास घेतला आणि "चांगल्या प्रतीचं दिसतंय," असा अभिप्राय देऊन पैसे मात्र पूर्ण घेतले.

तरीही मेणबत्त्या झाल्या. त्यांतील सर्वात सरळ उभी राहिलेली मी दिवाणखान्यात मांडली होती. दुसऱ्या दिवशी पाहतो तो तिच्या अंगावर बारीक चर पडलेले. आई गोधडी शिवायला बसली होती आणि दोरा ओवण्यापूर्वी तो माझ्या मेणबत्तीवरून ओढत होती, कारण मेण लावलेला दोरा गुंतत नाही आणि तुटतही नाही.

"छान झालीय रे," ती म्हणाली, "फक्त पुढची जरा आखूड कर, डब्यात मावत नाही."