बटण नसतं, हे आधी सांगून टाका

राष्ट्रनेत्याला अणुयुद्धासाठी तयार करण्याचं काम तुमच्या गळ्यात पडलंच असेल, तर सुरुवात त्याच्या अपेक्षाभंगापासून करा. तो विचारणार, "बटण कुठंय?" लाल बटणबिटण काही नसतं, हे हळुवारपणे सांगा. अमेरिकेत असते ती अणुहल्ल्याच्या योजनांची साधारण २० किलोची बॅग, आणि तीसुद्धा मागून चालणाऱ्या लष्करी अधिकाऱ्याच्या हातात. साहेबांच्या, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या, वाट्याला येतं ओळख पटवणाऱ्या सांकेतिक आकड्यांचं, खिशात ठेवायचं प्लास्टिकचं कार्ड. त्याला तिथे लाडाने 'बिस्किट' म्हणतात.

म्हणून पहिला धडा खिशाचा. हसू नका. मार्च १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांना गोळी लागली, इस्पितळात त्यांचे कपडे कापून काढले, आणि पुरावा म्हणून कपड्यांबरोबर कार्डही एफबीआयने नेलं. कार्टर यांचं कार्ड सूटबरोबर ड्रायक्लीनिंगला गेल्याची कथा सांगितली जाते. क्लिंटन यांच्या काळात तर ते काही महिने बेपत्ता होतं, असं संयुक्त सेनाप्रमुखांच्या समितीचे तेव्हाचे अध्यक्ष जनरल ह्यू शेल्टन यांनी लिहून ठेवलं आहे. तपासायला माणूस आला की उत्तर मिळायचं, कार्ड साहेबांपाशीच आहे, पण साहेब महत्त्वाच्या बैठकीत आहेत. तेवढे महिने जग सुरळीत चाललं, ही गोष्ट मात्र वर्गात काढू नका. विद्यार्थी भलते निष्कर्ष काढतात.

दुसरा धडा वेळेचा. खंड ओलांडणारं क्षेपणास्त्र साधारण अर्ध्या तासात पोचतं, किनाऱ्याजवळच्या पाणबुडीतून सुटलं तर त्याच्या निम्म्यातही. त्यातून उपग्रहाने बघायचं, रडारने दुजोरा द्यायचा, झोपलेल्यांना उठवायचं. उरलेला वेळ साहेबांचा. रेगन यांनी तो सहा मिनिटं असल्याचं लिहिलंय. आपण चार्जर शोधण्यात यापेक्षा जास्त वेळ घालवतो. पण घाबरवू नका, सोयीची बाजू सांगा: कुणाला विचारायचं बंधन नाही. अमेरिकेत संरक्षणमंत्र्याचीही सही लागत नाही. हुकूम देणारे साहेबच आहेत ना, एवढंच ताडून पाहतात. साहेबांचं डोकं ठिकाणावर आहे का, हा प्रश्न व्यवस्थेत बसत नाही. १९७३ मध्ये क्षेपणास्त्रदलाचं प्रशिक्षण घेणाऱ्या हॅरल्ड हेरिंग नावाच्या मेजरने तो विचारला होता: क्षेपणास्त्र सोडण्याचा हुकूम शुद्धीतल्या राष्ट्राध्यक्षाकडून आलाय, हे मी कसं ओळखायचं? हवाईदलाने त्याला नोकरीतूनच मोकळं केलं. पुढे तो ट्रक चालवायला लागला. आणि हो, सुटलेलं क्षेपणास्त्र परत बोलावता येत नाही. चुकून पाठवलेला मेसेज आपण डिलीट तरी करतो.

आता सगळ्यात अवघड भाग: शंका. ही खोड मोडून काढायलाच हवी, कारण तिने आजवर भरपूर घोटाळे केलेत. कार्टर यांचे सुरक्षा सल्लागार ब्रेझिन्स्की यांना रात्री तीन वाजता फोन आला, सोव्हिएत संघाने २५० क्षेपणास्त्रं सोडलीत. थोड्या वेळाने दुसरा फोन, २५० नाही, २,२००. ब्रेझिन्स्कींनी बायकोला उठवलं नाही. अर्ध्या तासात सगळेच जाणार, कशाला झोपमोड? ते राष्ट्राध्यक्षांना फोन लावणार तोच तिसरा फोन आला: बाकीच्या यंत्रणांना काहीच दिसत नाही, चूक झाली. हा किस्सा पुढे संरक्षणमंत्री झालेल्या रॉबर्ट गेट्स यांनी सांगितला आहे. ३ जून १९८० च्या अशाच एका खोट्या इशाऱ्याचं मूळ ४६ सेंटच्या चिपमध्ये सापडलं होतं. साहेब त्या रात्री जरा चपळ असते तर चिपचा दोष कुणाला कळलाही नसता.

पलीकडच्या बाजूलाही वाया गेलेला विद्यार्थी होताच. २६ सप्टेंबर १९८३ ला सोव्हिएत इशारा केंद्रातले अधिकारी स्तानिस्लाव पेत्रोव यांच्या पडद्यावर अमेरिकेची पाच क्षेपणास्त्रं दिसली. हल्ला करायचा तर कुणी पाचच कशाला सोडेल, असं म्हणून त्यांनी खोटा इशारा असल्याचं वर कळवलं. ढगांवर चमकलेलं ऊन निघालं ते. नंतर त्यांना बोलणी बसली, त्या गडबडीत नोंदवही नीट भरली नाही म्हणून. शिस्त ती शिस्त.

नेत्याला रंगीत तालमीला न्यावं का? माझं ऐकाल तर नेऊ नका. मार्च १९८२ च्या सरावात राष्ट्राध्यक्षाची भूमिका माजी परराष्ट्रमंत्री विल्यम रॉजर्स यांना दिली होती. खरे राष्ट्राध्यक्ष नुसते बघायला बसले. नकाशावर लाल ठिपके पडत गेले आणि तासाभराच्या आत आख्खा देश झाकला गेला. पुढे जानेवारी १९८४ मध्ये हेच रेगन संसदेसमोर उभे राहून म्हणाले की अणुयुद्ध जिंकता येत नाही आणि ते कधीही लढू नये. बघा, एका सरावात चांगला तयार होत असलेला माणूस हातचा गेला.

ब्रिटिशांची पद्धत त्यापेक्षा सभ्य. तिथे नवा पंतप्रधान अण्वस्त्रं वाहणाऱ्या चार पाणबुड्यांच्या कप्तानांना स्वतःच्या हाताने पत्रं लिहितो: लंडनच उरलं नाही तर काय करायचं. पायउतार झाला की ती न उघडता नष्ट करतात. इथे प्रशिक्षकाला काम एकच, अक्षर सुधारून घेणं. वाचणारा शेवटचा माणूस असेल, 'मारा' आहे की 'मारू नका' हे त्याला लागलं पाहिजे.

एक अभ्यासक्रम मात्र कटाक्षाने टाळा. हार्वर्डचे कायद्याचे प्राध्यापक रॉजर फिशर यांनी १९८१ मध्ये सुचवलं होतं, सांकेतिक आकडे एका स्वयंसेवकाच्या छातीत, हृदयाशेजारी ठेवा. तो मोठी सुरी घेऊन राष्ट्राध्यक्षांबरोबर फिरेल. कोट्यवधी माणसं मारायची तर आधी या एकाला स्वतःच्या हाताने मारा. पेंटागॉनमधले मित्र हादरले. म्हणाले, अरे बापरे, असं केलं तर राष्ट्राध्यक्षांची निर्णयशक्तीच बिघडेल. ते कदाचित बटण दाबणारच नाहीत.

तेव्हा सुरी नको. कार्डच बरं. फक्त सूट धुवायला टाकताना खिसा तेवढा बघायला सांगा.