किक मारू न देणाऱ्यांची आरएक्स

आज दुपारी डबा खाताना मोबाइलवर जुन्या गाड्यांच्या जाहिरातींत तीच गाडी पुन्हा दिसली. तीच काळी यामाहा आरएक्स 100, मागे तीच बंगल्याची पांढरी भिंत. मार्चमध्ये मी बघायला गेले होते तेव्हा दोन लाख दहा हजार सांगितले होते. आज दोन लाख साठ. खाली लिहिलंय, "अनटच्ड पीस. सोन्यापेक्षा चांगली गुंतवणूक. टाइमपास करणाऱ्यांनी फोन करू नये." अनटच्ड म्हणजे कंपनीतून आली तशीच, कशालाही हात न लावलेली. मधल्या काळात गाडीवर काय काम झालं? काहीच नाही. ती जागची हललेलीसुद्धा नाही. मग हे पन्नास हजार वाढले कशाचे? संताप आलाय आणि तो अजून उतरलेला नाही, म्हणून लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. माझ्याकडे होंडाची युनिकॉर्न आहे. नाशिकात पाथर्डी फाट्यावरून सातपूरला कामावर रोज तीच, आईकडे चांदवडला जायचं तरी तीच. आता थोडे पैसे बाजूला पडलेत आणि दुसरी मोटरसायकल घ्यायची हे घरात ठरलंय. त्यावर वाद नाही. वाद कोणती घ्यायची यावर आहे. नवरा, दीर, ऑफिसातले सगळे एका सुरात म्हणतात, घेतेच आहेस तर कामाची घे. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, यापेक्षा चांगली वेळ कुठली? डिस्क ब्रेक, एबीएस, बटण दाबलं की चालू, काही झालं तर शोरूमला नेऊन टाकायची.

आणि मला हवी आहे आरएक्स. कॉलेजात असताना मैत्रिणीच्या भावाची आरएक्स गंगापूर धरणापर्यंत चालवली होती, तेव्हापासून.

तर मार्चमध्ये झालं ते असं. नाशिकरोडच्या बाजूला बंगला. बरोबर आत्तेभाऊ होता. पार्किंगमध्ये कव्हरं घातलेल्या गाड्यांची रांगच होती, येझदी, आरडी 350, दोन आरएक्स. गृहस्थ सगळं आत्तेभावाला सांगत होते. गाडी ताईला हवीय हे त्याने सांगितल्यावरही त्यालाच सांगत होते. तेही सोडा, मला त्याची सवय आहे. कव्हर काढलं. गाडी दिसायला सुरेख, हे मी नाही कसं म्हणू? क्रोमवर डाग नाही, टाकीवरचे पट्टे मूळचे, शीट मूळचं. मी खाली बसून इंजिन नंबर बघितला, चासी नंबर बघितला, आणि उठून विचारलं, "काका, किक मारू का?"

"नाही नाही ताई, चालू नाही करायची. कितीतरी वर्षांत केलेली नाही. तीच तर तिची किंमत आहे."

मी दोनदा विचारलं. दोनदा नाही म्हणाले. दोन लाख दहा हजारांची मोटरसायकल, आणि तिचा आवाज ऐकायची परवानगी नाही.

माझ्या यादीतल्या तुम्हा सगळ्यांना मोटरसायकल म्हणजे काय हे सांगायला नको. पण बाहेर ही जी 'अनटच्ड'ची लाट आलीय ना, तिच्यात गाडीबद्दलचं साधं ज्ञानही नाही, हे मला जास्त लागतं. उभी गाडी जपली जात नाही, ती सडते. कार्बोरेटरच्या वाटीत राहिलेलं पेट्रोल उडून जातं आणि खाली चिकट थर बसतो, त्यात जेट, म्हणजे पेट्रोल यायची बारीक भोकं, बुजतात. टाकीला आतून गंज चढतो. आता तर पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि त्या काळच्या रबरी नळ्या, ओ-रिंगा असल्या पेट्रोलसाठी बनवलेल्याच नव्हत्या. असलं पेट्रोल टाकीत ठेवून गाडी महिनोन्महिने उभी करायची म्हणजे तिला आतून खायला घालायचं.

आणि आरएक्ससारख्या टू-स्ट्रोक गाडीचं तर त्याहून वाईट. त्या इंजिनात पेट्रोल आणि हवा आधी क्रँकच्या, म्हणजे पिस्टनखालच्या फिरत्या दांड्याच्या, पोटात येते, तिथे दाबली जाते आणि मग वर सिलिंडरमध्ये जाते. म्हणजे क्रँकची दोन्ही ऑइल सीलं धड असतील तरच इंजिन धड. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की ती सीलं सुकून कडक होतात. मग बाहेरची हवा आत येते, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, इंजिन तापतं आणि एक दिवस पिस्टन धरतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसतो. इंजिनात आपोआप ऑइल सोडणाऱ्या ऑटोल्यूबच्या पंपातून टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकचं ऑइल, नीट येतंय की नाही, हेसुद्धा गाडी चालू केल्याशिवाय कळायचं नाही. त्या काकांच्या गाडीचं क्रोम चकचकीत होतं. आत काय झालंय हे त्यांना माहीत नाही, मला माहीत नाही, आणि जो दोन लाख साठ देऊन नेईल त्यालाही कळणार नाही, कारण तोही किक मारणार नाही. तो तीन लाखाला पुढे विकेल.

कागदांचं विचारलं तर म्हणाले होते, "ते होऊन जातं." काय होऊन जातं? पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरसी रिन्यू करावी लागते. गाडी पेठ रोडला आरटीओत न्यावी लागते, ती चालावी लागते, पीयूसी लागते, इन्शुरन्स लागतो, आणि उशीर केला तर दंड महिन्यागणिक चढतो. ह्यांच्या आरसीची मुदत केव्हाच संपलेली. 1 एप्रिल 2019 च्या आधीच्या प्रत्येक गाडीला नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट सक्तीची आहे. ह्यांनी बसवलेली नाही, कारण जुनी रंगवलेली प्लेट काढली तर गाडी 'टच' होते! वर म्हणतात, "व्हिंटेज आहे ताई." व्हिंटेजचा नियम 2021 साली आलाय, आणि त्यात गाडी पन्नास वर्षांच्या वरची लागते. आरएक्स आपल्याकडे आलीच 1985 साली. म्हणजे अगदी पहिली गाडीसुद्धा 2035 च्या आधी त्या नियमात बसत नाही. बरं, बसली तरी व्हिंटेज नंबरवर ती रोज रस्त्यावर आणता येत नाही. मेळावा, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती, बास. मला तसली गाडी नकोच आहे.

हां, संग्राहकांनी गाड्या वाचवल्या हे मान्य. नव्वदच्या दशकातल्या कितीतरी गाड्या भंगारात किलोवर गेल्या आणि त्या वेळी ज्यांनी दोन-चार उचलून ठेवल्या त्यांच्यामुळे आज बघायला तरी मिळतात. बरं. पण वाचवली कशासाठी?

मला राग खरा येतो तो चाचांमुळे. भद्रकालीत आमचे एक चाचा आहेत, त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. टू-स्ट्रोक म्हणजे चाचा. गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की आवाजावरून सांगतात, पिस्टनची रिंग गेलीय की सायलेन्सरची जाळी चोंदलीय. त्यांच्याकडे मी मुद्दाम विचारायला गेले होते, आरएक्स घेऊ का म्हणून. त्यांनी चहा मागवला, मला लाकडी स्टुलावर बसवलं आणि तासभर समजावलं. बोअर किती वेळा झालाय, म्हणजे झिजलेला सिलिंडर कितीदा घासून मोठा केलाय, ते कसं ओळखायचं, आरएक्स 135 चं इंजिन बसवून 100 म्हणून विकतात ते कसं पकडायचं, ऑइलचा पंप काढून टाकला असेल तर लिटरमागे किती ऑइल टाकायचं. हे सगळं कुठे लिहिलेलं नाही हो. त्यांच्या हातात आहे. त्यांचा मुलगा शोरूमला लागलाय, तिथे गाडीला स्कॅनर लावतात, पगार वेळेवर होतो, चाचा त्यावर खूश आहेत आणि असायलाच हवं. पण मग म्हणाले, "बेटा, आरएक्स तो शहर में बहुत है, मेरे पास आती नहीं."

हेच. शहरात आहेत, पण त्यांच्याकडे येत नाहीत. बंगल्याच्या पार्किंगमध्ये कव्हराखाली उभ्या आहेत. ज्या गाडीला किक बसत नाही, तिचा प्लग खराब होत नाही, क्लच प्लेट झिजत नाही, केबल तुटत नाही, आणि मग प्लग, प्लेट, केबल ठेवणारा दुकानदार तो माल ठेवायचं बंद करतो आणि चाचा पंक्चर काढायला बसतात. गाड्या फिरल्या तरच ती विद्या टिकते. त्या काकांनी आपल्या दोन आरएक्स महिन्यातून एकदा जरी भद्रकालीपर्यंत आणल्या असत्या ना, तरी मी त्यांच्याविरुद्ध एक अक्षर लिहिलं नसतं.

नवऱ्याने आत्ताच मागून डोकावून वाचलं आणि म्हणाला, मग नवीनच घे, कटकट नको. त्याचं चुकत नाही. चांदवडच्या रस्त्याला पिंपळगावच्या पुढे ट्रक कसे येतात ते मला माहीत आहे, आणि तिथे जुन्या ड्रम ब्रेकच्या भरवशावर मी जाणार नाही. धुराचंही खरं आहे, टू-स्ट्रोक ऑइल जाळतच चालते, त्याच कारणाने त्या गेल्या. पण चांदवडला जायला युनिकॉर्न आहे ना! नवी 350 घेतली तर ती काय करणार? ऑफिसला नेणार, आईकडे नेणार. जे पहिली करते तेच, फक्त वजनाने जड आणि पेट्रोलला जास्त. घरात दोन कामाच्या गाड्या आल्या की त्यातली एक उभीच राहणार, आणि मग माझ्यात आणि त्या काकांच्यात फरक काय उरला?

दुसरी गाडी वेगळ्या कामाला हवी. रविवारी पहाटे गंगापूर रोडने निघायचं, गिरणाऱ्याला चहा, पुढे हरसूलच्या दिशेने घाटातून. सिंहस्थाच्या कामांसाठी शहर असं उकरून ठेवलंय की आठवडाभर धूळ खाल्ल्यावर ते दोन-तीन तास माझे स्वतःचे वाटतात. त्या रस्त्याला 98 सीसी पुष्कळ झाले. शंभर किलोच्या आसपास वजन आणि 11 बीएचपी, एवढ्यावर ती गाडी जी उचल घेते ती ज्याने अनुभवलीय त्याला समजावून सांगावं लागत नाही. पावसाळ्यात त्या बाजूला भातखाचरं भरलेली असतात, रस्त्यावर कोणी नसतं, तिसऱ्या गिअरमध्ये नुसतं सोडून द्यायचं. हे सगळं मला कव्हराखाली बघायचं नाहीये.

मार्चमध्ये त्या बंगल्यातून बाहेर पडताना आत्तेभाऊ म्हणाला होता, ताई, थोडं घासाघीस करून बघायचं होतंस. किमतीचा प्रश्नच नव्हता रे. त्यांनी एक किक मारू दिली असती आणि गाडी चालू झाली असती, तर मी कदाचित तेवढेसुद्धा दिले असते. आज त्याच गाडीचे दोन लाख साठ बघून वाटतं, बरं झालं नाही दिली.

मला 'पीस' नको आहे. जपान मेड इंजिन नको, मूळचे पट्टे नकोत, मूळचं शीट नको. टाकीला पोचा असला तरी चालेल, रंग दोनदा मारलेला असला तरी चालेल, शेतावर दुधाचे कॅन वाहिलेली असेल तर उत्तमच, म्हणजे ती बंद राहिलेली नाही. इंजिन आणि चासी नंबर आरसीशी तंतोतंत जुळला पाहिजे, आरसी जिवंत पाहिजे किंवा मूळ मालक गाडी नावावर करायच्या 29 आणि 30 नंबरच्या फॉर्मवर सही करायला स्वतः आरटीओत येणारा पाहिजे. नंबर ठोकलेला, खरवडलेला दिसला तर मी तिथेच परत फिरेन. बोअर, क्रँक, सीलं, वायरिंग हे सगळं करायची तयारी आहे, त्याचे पैसे मी वेगळे काढलेत आणि ते चाचांकडेच जाणार.

दिंडोरी, निफाड, सिन्नर, गिरणारे पट्ट्यात कोणाच्या घरी, मळ्यात, ओळखीत अशी रोजच्या वापरातली आरएक्स असेल तर इनबॉक्स करा. रविवारी मी कुठेही यायला तयार आहे, चाचांना बरोबर घेऊन. दलालांनी कृपया मेसेज करू नये. दसऱ्यापर्यंत वाट बघणार आहे. तोवर नाही मिळाली तर 350 बुक करेन, आणि ती रोज सातपूरला नेईन. मग युनिकॉर्न भाचीला देईन, तिला आता कॉलेजला जायला गाडी हवीच आहे.