हलक्यांनी माउंटच्या नादी लागू नये, म्हणे

गोव्यातल्या जिउ-जित्सूच्या, म्हणजे जमिनीवरच्या पकडींच्या खेळाच्या, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. लिहिणाऱ्याचं नाव नाही, आत्मविश्वास मात्र भरपूर. म्हणणं थोडक्यात असं: माउंट, म्हणजे उताण्या पडलेल्या माणसावर दोन्ही बाजूंना गुडघे टाकून बसणं, हा वजनदारांचा खेळ आहे. ७० किलोच्या आतल्यांनी त्याच्या नादी लागू नये. मिळालाच तर गुडघे घट्ट आवळून बसावं, गुण घ्यावेत आणि हल्ल्याच्या भानगडीत पडू नये, कारण हल्ला केला की माउंट जातो. नो-गीमध्ये, म्हणजे जाड जॅकेट (गी) न घालता खेळताना, त्यातही आपल्या दमट हवेत, तो टिकतच नाही. रस्त्यावर तर त्याचा काडीचा उपयोग नाही. आणि शेवटी पुरावा म्हणून एक व्हिडिओ, ज्यात खालचाच माणूस वरच्याचा गळा आवळून जिंकतो.

वजनाचा मुद्दा गोव्यात पटकन पटतो, त्याला कारण आहे. सीझनमध्ये हणजूण-आसगावच्या बाजूला मॅटवर कोण येईल याचा नेम नसतो. डिचोलीचा ६२ किलोचा पोरगा आणि ९५ किलोचा रशियन पाहुणा एकाच राउंडला समोरासमोर येतात. पाहुण्याने एकदा कंबर उचलली की पोरगा भिंतीपाशी. मग तो घरी जाऊन हा मजकूर वाचतो आणि मान डोलावतो.

पण त्या पोराचं चुकलं कुठे, ते बघायला हवं. तो बसला होता थेट पाहुण्याच्या कमरेवर, म्हणजे ब्रिजची, कंबर उचलून उसळी मारायची, सगळी ताकद जिथून निघते त्याच जागेवर. शिवाय स्वतःचं वजन गुडघ्यांवर तोलून, म्हणजे ६२ मधलं निम्मं वजन मॅटला दान. हलक्या माणसाने तिथे थांबायचंच नसतं. गुडघे एकेक करून वर सरकवत समोरच्याच्या काखांपर्यंत न्यायचे. याला हाय माउंट म्हणतात. आता त्याने ब्रिज मारला तर त्याची कंबर तुमच्या पाठीमागे उचलली जाते. तुमच्याखाली असते फक्त छाती, आणि छातीला उडी मारता येत नाही. त्याचे कोपर बरगड्यांपासून सुटून वर आलेले असतात, म्हणजे ढकलायची ताकदही अर्धी.

वजनाचा फायदा होतच नाही, असं मी म्हणत नाही. स्पर्धेत वजनी गट उगाच नसतात. माउंटवरून क्रॉस कॉलर चोक, म्हणजे दोन्ही हात कॉलरमध्ये घालून गळा आवळणं, म्हटलं की ज्याचं नाव पहिलं निघतं तो रॉजर ग्रेसी चांगला उंच आणि भारी माणूस. २००९ च्या जागतिक स्पर्धेत त्याने एकामागून एक प्रतिस्पर्ध्यांना याच चोकने टॅप करायला, म्हणजे थाप मारून हार मानायला, लावलं. पण त्यातले कित्येक त्याच्याच गटातले, तितकेच भारी होते. आणि उलटं उदाहरण हवं असेल तर १९९३ सालच्या पहिल्या यूएफसी या मिश्र लढतींच्या स्पर्धेचं घ्या. जेमतेम ८० किलोचा रॉयस ग्रेसी, समोर त्याच्याहून वजनदार बॉक्सर आर्ट जिमरसन, तोही एकाच हातात ग्लोव्ह घालून आलेला. रॉयस माउंटवर बसला आणि जिमरसनने हार मानली. चोक लागला नव्हता, हात अडकला नव्हता. नुसत्या पोझिशनलाच तो टॅप झाला.

“गुडघे घट्ट आवळून बसा” हा सल्ला या मजकुरातला सगळ्यात घातक भाग, कारण तो नवशिक्याला बरोबर वाटतो. खालच्याकडे सुटायचे मुख्य रस्ते दोन. पहिला ब्रिज-अँड-रोल: तुमचा एक हात पकडायचा, त्याच बाजूचा पाय स्वतःच्या पायाने अडवायचा आणि त्या बाजूच्या खांद्यावरून तुम्हाला उलथायचं. आता तुम्ही त्याला मांड्यांनी आवळून छातीला छाती चिकटवली असेल तर तुम्ही दोघं मिळून एकच ओंडका झालात. तो वळला की तुम्हीही वळणारच. इथे उपयोग होतो तो मोकळ्या हाताचा, जो वेळेवर मॅटवर टेकेल. होडीत बसणाऱ्याला हे सांगावं लागत नाही: लाट आली की अंग सैल सोडून कंबरेतून तोल घ्यायचा, कडा धरून ताठ बसलेलाच पाण्यात जातो.

दुसरा रस्ता कोपर-गुडघ्याचा. खालचा कुशीवर वळतो, कोपराने तुमचा गुडघा खाली ढकलतो, त्या फटीतून स्वतःचा गुडघा आत घालतो आणि हाफ गार्ड मिळवतो, म्हणजे तुमचा एक पाय आपल्या पायांत अडकवतो. इथे आवळून धरणारा त्याला पुन्हा उताणं पाडायला धडपडतो आणि दोन मिनिटांत त्याच्या मांड्या भरून येतात. जाणकार धडपडत नाही. समोरचा कुशीवर वळला की तो त्याच्याबरोबर वळतो: एक गुडघा डोक्यामागे, दुसऱ्या पायाचं पाऊल पोटापाशी. झाला टेक्निकल माउंट. सुटायला म्हणून वळलेला माणूस स्वतःची पाठ तुमच्या ताब्यात द्यायच्या वाटेवर लागलेला असतो.

एक पुरवणी. हाय माउंटमध्ये काखेपाशी गुडघे आत दाबतात, ते बरोबरच आहे. तिथे हेतू कोपर खाली येऊ न देण्याचा असतो, लोंबकळण्याचा नसतो.

आता मुख्य गोष्ट. “हल्ला केला की माउंट जातो, म्हणून गुण घेऊन बसा.” आयबीजेजेएफ या जिउ-जित्सू संघटनेच्या नियमांत माउंट ३ सेकंद टिकवला की ४ गुण मिळतात, हे खरं. पण त्यानंतर काहीच न करता बसणाऱ्याला रेफरी दंड करू शकतो, हे मजकुरात नाही. आणि नियम बाजूला ठेवले तरी हिशेब उलटाच आहे. खालच्याचे दोन हात मोकळे असतील तर ते दोन्ही तुमच्या गुडघ्यांवर काम करणार. त्याच्या कॉलरमध्ये तुमचा एक हात खोल गेला की ते हात गुडघा सोडून गळ्याकडे धावतात. म्हणजे हल्ला सुरू झाल्याबरोबर तुमचा माउंट आधीपेक्षा पक्का झाला.

पुढची साखळी प्रत्येक चांगल्या क्लासमध्ये घोटून घेतात. पहिला हात कॉलरमध्ये. त्याने गळा राखायला हात वर आणले तर कोपर सुटले, आर्मबार (हात कोपरातून उलटा ताणणं) किंवा अमेरिकाना (हात दुमडून खांदा पिळणं) समोर. हात लपवायला तो कुशीवर वळला तर टेक्निकल माउंट, तिथून त्याचाच हात त्याच्या मानेभोवती गुंडाळून धरायचा, म्हणजे गिफ्ट रॅप, आणि मग पाठ. त्याने काहीच केलं नाही तर दुसरा हात कॉलरमध्ये आणि राउंड संपला. पाठ मिळाली तर आयबीजेजेएफमध्ये आणखी ४ गुण. एडीसीसी या नो-गी स्पर्धेत तर माउंटला २ आणि पाठीला ३.

कुस्ती करून आलेल्या पोरांवर हे फार लवकर लागू पडतं. सिंधुदुर्ग-कोल्हापूरकडून कामधंद्याला आलेले, लहानपणी तालमीत गेलेले काहीजण मॅटवर दिसतात. पाठ जमिनीला लागली की कुस्ती संपते, हे त्यांच्या हाडात बसलेलं असतं. त्यामुळे माउंटखाली सापडले की ते विचार न करता पालथे होतात आणि मागून गळा उघडा पडतो. त्यांची ताकद दांडगी असते, पण जिउ-जित्सूत चीत होण्यापेक्षा पालथं होणं महागात पडतं, हे कळायला वेळ लागतो. मजकूर लिहिणाऱ्याने अशा एखाद्यावर नुसतं बसून दाखवावं. तो उठवून लावील. पण हल्ल्याचा धाक दाखवला की तो आपणहून पाठ देतो.

हल्ल्यात माउंट जातो तो घाईमुळे, आणि जास्त करून एकाच घाईमुळे: कमरेवर बसल्या बसल्या मागे झोकून देऊन मारलेला आर्मबार. आधी वर सरका, एस-माउंटमध्ये, म्हणजे एक पाय त्याच्या डोक्यापाशी दुमडून, या, एक पाय डोक्यावरून टाका, त्याचं कोपर छातीशी घट्ट धरा, आणि मगच पाठ टेका, तीही हळू. आणि वरून खाली आलात म्हणजे हरलात, असंही नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये यूएफसीत खबीब नुर्मागोमेदोवने जस्टिन गेथजीला ट्रँगलने, म्हणजे पायांच्या कैचीत गळा आणि एक हात आवळून, संपवलं. पायांची पकड माउंटवरून बसली, शेवट खबीबची पाठ मॅटवर असताना झाला.

घामाचा मुद्दा अर्धा खरा. जूनमध्ये पत्र्याच्या शेडमधल्या मॅटवर नो-गी करून बघा, दहा मिनिटांत सगळे माशासारखे निसटतात, आणि सुटा हात पकडून ठेवणं अशक्य होतं. पण निसटतं ते हाताने पकडलेलं. काखेत रुतलेला गुडघा, मानेखालून घातलेला हात, आर्म ट्रँगलमध्ये (गळा आणि त्याचाच खांदा हातांनी आवळताना) गालाने दाबून धरलेला खांदा, हे घामाने सुटत नाहीत. शिवाय घाम खालच्यालाही येतो. तुमच्या कमरेवर टेकवलेले त्याचे हातही घसरतात.

रस्त्यावर मुद्दाम जमिनीवर जाऊ नये, हे मलाही मान्य. चिऱ्याचे तुकडे, बाटल्यांच्या काचा, शिवाय समोरच्याचा मित्र कुठे उभा आहे हे दिसत नाही. पण धक्काबुक्कीत पडायचं की नाही, हे कुणी विचारून घेत नाही. पडलात आणि कुणी छातीवर बसला, तर वर सांगितलेले दोन रस्ते अंगवळणी असलेले बरे. आणि वर तुम्ही असाल तर उठून चालू पडणं तुमच्या हातात असतं, खालच्याच्या नाही.

राहिला व्हिडिओ. तो खोटा नाही. जानेवारी २०१७ मध्ये अलेक्सी ओलेनिकने माउंटखाली असताना व्हिक्टर पेश्ताला यूएफसीच्या लढतीत इझिकिएल चोकने, म्हणजे एक हात मानेमागे ठेवून दुसऱ्याने गळा दाबून, टॅप करायला लावलं होतं. ही लढत आजही आठवली जाते, ती तसं सहसा घडत नाही म्हणून. आणि त्या चोकसाठी वरच्याचं डोकं खालच्याच्या मिठीत असावं लागतं. छातीला छाती लावून, मान खाली घालून चिकटून बसलं की ते आयतं मिळतं, म्हणजे मजकुरात शिकवलेल्या पद्धतीने बसलं की. हात टेकून डोकं वर ठेवणाऱ्याला किंवा काखेपर्यंत चढून ताठ बसलेल्याला हा चोक खालून लावता येत नाही. व्हिडिओ पुन्हा लावाल तेव्हा ओलेनिकच्या हातांकडे नको, पेश्ताच्या डोक्याकडे बघा.