झाओ झियांग यांना त्यांच्या चाहत्यांपासून वाचवा

जून उजाडला की बीजिंगमधल्या तियानानमेन चौकाच्या फोटोखाली, जिथलं विद्यार्थ्यांचं आंदोलन १९८९ मध्ये चिरडलं गेलं, एक मजकूर फिरू लागतो. त्याचा सारांश असा: झाओ झियांग म्हणजे चीनचे गोर्बाचेव्ह, सोव्हिएत संघात सुधारणा आणणाऱ्या नेत्यासारखे. आर्थिक सुधारणा तेव्हाचे सर्वोच्च नेते डेंग शियाओपिंग यांच्या, राजकीय सुधारणा झाओंच्या. १९८९ मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांसाठी पक्षाविरुद्ध बंड केलं, ते टिकले असते तर आज चीनमध्ये लोकशाही असती.

१९८९ मध्ये चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस असलेल्या झाओंबद्दल मलाही आदर आहे. पण या मजकुरात त्यांनी केलेलं काम दुसऱ्याच्या खात्यावर गेलंय, आणि त्यांना फार उशिरा पटलेली गोष्ट त्यांच्या सत्तेच्या काळात नेऊन ठेवलीय.

'आर्थिक सुधारणा डेंग यांच्या' हे वाक्य चिनी कम्युनिस्ट पक्षालाही मनापासून आवडेल. पदावरून काढल्यावर पक्षाने सुधारणांच्या इतिहासातून झाओंचं नाव जवळजवळ खोडलं. चाहते नकळत तोच खोडरबर फिरवतात. १९७५ मध्ये झाओ सिचुआनचे पक्षप्रमुख झाले. धान्याचं कोठार म्हणवणारा तो प्रांत तेव्हा अर्धपोटी होता. त्यांनी शेतकऱ्यांना जमीन कसण्याची मोकळीक दिली, काही कारखान्यांना नफ्यातला वाटा स्वतःकडे ठेवू दिला. 'धान्य हवं तर झियांगना गाठा' अशी म्हणच पडली. चिनीत तिला यमकही आहे. १९८० ते १९८७ ते पंतप्रधान होते. डेंग यांनी दिशा आणि पाठबळ दिलं हे खरं, पण धोरणांचा रोजचा हिशोब झाओंनी मांडला. श्रेय द्यायचं तर अपश्रेयही द्यावं लागतं. १९८८ मध्ये किमती खुल्या करण्याची घोषणा झाली, लोकांनी दुकानं रिकामी केली आणि महागाई १८ टक्क्यांवर गेली. घाई डेंग यांची होती, तरी खापर मुख्यतः झाओंवर फुटलं.

ऐंशीच्या दशकातले झाओ लोकशाहीवादी होते का? १९८७ च्या पक्षाच्या तेराव्या अधिवेशनात त्यांनी पक्ष आणि सरकार वेगळं करण्याची भाषा केली, हे मोठं पाऊल होतं. पण दुसरा पक्ष, खुल्या निवडणुका यांचा त्यात मागमूस नव्हता. त्याच वर्षी जानेवारीत पक्षाचे सरचिटणीस हू याओबांग यांना हटवलं गेलं तेव्हा टीका करणाऱ्यांत झाओ होते आणि त्यांची खुर्चीही झाओंकडेच आली. मार्च १९८९ मध्ये त्यांनी डेंग यांच्या कानावर घातली ती 'नव-अधिकारशाही'ची कल्पना: आधी कणखर नेता आणि बाजार, लोकशाहीचं पुढे बघू.

'बंड' हा शब्द तर साफ चुकीचा. १७ मे रोजी डेंग यांच्या घरच्या बैठकीत त्यांनी लष्करी कायद्याला विरोध केला. राजीनामा लिहिला, मग मागे घेतला. १९ मेच्या पहाटे हातात कर्णा घेऊन चौकात गेले, 'आम्ही फार उशिरा आलो' म्हणाले आणि मुलांना उपोषण सोडायची विनवणी केली. कुठे सैन्य फिरवलं नाही, कुठे जनतेला हाक दिली नाही. त्यांचं वेगळेपण वेगळ्याच ठिकाणी आहे. हू याओबांग यांनी पदावरून जाताना आत्मटीका केली होती. जूनमध्ये पक्षाने 'फूट पाडल्याचा' ठपका ठेवला तेव्हा झाओंनी चूक कबूल करायला नकार दिला. त्या पक्षात हे धाडस फार दुर्मीळ. मजकुरात नेमकं तेच नाही.

राहिला 'टिकले असते तर'. टिकण्याएवढी सत्ता होती कुठे? गोर्बाचेव्ह मॉस्कोत सर्वोच्च होते. झाओंच्या वर लष्करी आयोगाचे अध्यक्ष डेंग बसले होते. १६ मे रोजी झाओंनी हे खुद्द गोर्बाचेव्ह यांनाच सांगून टाकलं: महत्त्वाच्या प्रश्नांवर शेवटचा शब्द डेंग यांचा, १९८७ मध्ये तसं ठरलंय. डेंग यांना ते भयंकर झोंबलं. आणि १९८८ च्या फजितीनंतर अर्थकारणाच्या किल्ल्याही नवे पंतप्रधान ली पेंग यांच्याकडे सरकल्या होत्या.

संसदीय लोकशाहीच सर्वात जिवंत व्यवस्था आहे, असं झाओ म्हणाले जरूर. पण ते बीजिंगमधल्या एका गल्लीतल्या घरात, नजरकैदेत, पद गेल्यावर दहाएक वर्षांनी, मुलांच्या गाण्यांच्या आणि पेकिंग ऑपेराच्या जुन्या कॅसेटवर चोरून केलेल्या ध्वनिमुद्रणात. तिथेही आधी कम्युनिस्ट पक्षाची सत्ता काही काळ राहावी, असंच ते सांगतात.