"200 रुपयात घर कीडमुक्त" या मेसेजला माझं उत्तर

पहिला पाऊस पडला, ट्यूबलाइटभोवती पंखवाले किडे गोळा झाले आणि तो मेसेज परत फिरायला लागला. आमच्या बेसा रोडच्या गल्लीच्या ग्रुपवर दोन दिवसात चार वेळा आला, माहेरी महालात वहिनीला आला, नणंदेला वर्ध्याला आला. वरती लिहिलंय, "नागपूरकरांनो, पेस्ट कंट्रोलवाल्यांना पाच हजार देऊ नका, 200 रुपयात घर कीडमुक्त करा", आणि खाली सात उपाय. कृषी केंद्रातून औषध आणून घरात फवारा, झुरळांना रोज स्प्रे मारा नाहीतर बोरिक पावडर ठेवा, गव्हाच्या कोठीत सल्फासची गोळी ठेवा, कूलरच्या पाण्यात रॉकेल टाका म्हणजे पाणी काढायचं काम नाही, उधईला डिझेल, ढेकणांची गादी उन्हात, आणि शेवटी कपाटात डांबर गोळ्या व प्लगमध्ये लावायचं, आवाजाने किडे पळवायचं मशीन.

पाठवणाऱ्यांवर माझा राग नाही, सगळे आपलेच लोक आहेत, चांगल्या मनानेच पाठवून राहिले. पण यातल्या दोन उपायांनी माणूस मरू शकतो, म्हणून हातातलं काम सोडून लिहायला बसली. मेसेजच्या क्रमाने जात नाही, आधी तिसरा मुद्दा घेते.

"गव्हाच्या कोठीत सल्फासची एक गोळी कापडात बांधून ठेवा, वर्षभर किडा लागत नाही." बापा, ही गोळी म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाईड. हवेतला ओलावा लागला की तिच्यातून फॉस्फीन नावाचा गॅस निघतो, 3 ग्रॅमच्या एका गोळीतून साधारण 1 ग्रॅम गॅस, आणि त्यानेच किडे मरतात, गोळीने नाही. हा गॅस किडा कोणता आणि कोठीशेजारच्या पलंगावर झोपलेलं लेकरू कोणतं ते पाहत नाही. कापडात बांधल्याने काहीच होत नाही, कापडातून गॅस जातोच, कोठीच्या झाकणाच्या फटीतून जातो, दाराखालून जातो, भिंतीच्या भेगेतून शेजारच्या खोलीत जातो. आणि याच्यावर उतारा नाही, डॉक्टरांकडे असं एकही इंजेक्शन नाही जे दिलं की विष उतरलं. सुरुवातीला उलट्या, पोटात दुखणं, छातीत दडपण, त्यामुळे घरच्यांना वाटतं बाहेरचं काहीतरी खाण्यात आलं असेल, आणि त्यातच वेळ जातो. गोदामात हेच औषध वापरतात हे खरं आहे, पण तिथे ताडपत्रीने सगळं सील करतात, कित्येक दिवस आत कोणी जात नाही, नंतर हवा खेळती करून गॅस मोजतात आणि मगच माल काढतात. तुमच्या माझ्या दोन खोल्यात हे कुठे होणार? म्हणूनच या गोळ्या घरगुती वापरासाठी नाहीत, 2001 मध्ये सरकारने 10 आणि 20 गोळ्यांच्या ट्यूबवर पूर्ण बंदी आणली, तरी दुकानात खालून मिळतात आणि मेसेजमध्ये त्या हळद-हिंगासारख्या सांगितल्या जातात.

गहू टिकवायचा तर आपल्या आज्या करायच्या तेच करा ना, एप्रिल-मेचं नागपूरचं ऊन काय कमी आहे का. दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा, सावलीत पूर्ण गार होऊ द्या (गरम गहू भरला की आत घाम सुटतो आणि तिथूनच कीड सुरू), कोरड्या कोठीत निंबाचा वाळलेला पाला टाकून घट्ट झाकण लावा. दाण्यात ओलावा नसला की किड्याला वाढायला जड जातं, एवढंच त्याच्यामागचं कारण आहे. आणि तरी चार किडे निघाले तर चाळून घ्या, चार किड्यांनी कोणी मरत नाही.

आता पहिला मुद्दा. "कृषी केंद्रातून नुवान किंवा कापसाचं औषध आणा, तेच पेस्ट कंट्रोलवाले मारतात, फक्त लेबल वेगळं." नुवान म्हणजे डायक्लोरव्हॉस, आणि ते आपल्या देशात 31 डिसेंबर 2020 पासून बंद आहे. ज्याच्याकडे आजही मिळतं तो एकतर जुना माल विकतो नाहीतर बनावट. दुसरं, लेबल वेगळं म्हणजेच सगळं वेगळं. शेतीच्या पातळ औषधात बहुतेक वेळा विरघळवायला सॉल्व्हंट असतो, तो वास भिंतीत, गादीत, लेकराच्या खेळण्यात बसतो, आणि मात्रा एकराची लिहिलेली असते, मोकळ्या वावराची, स्वयंपाकघराची नाही, मग माणूस अंदाजाने झाकणभर ओततो. आपण विदर्भातल्या लोकांनी तरी हे विसरू नये. 2017 मध्ये बाजूच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारता फवारता 20 च्या आसपास शेतकरी-मजूर गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले, आणि ते तर उघड्या आभाळाखाली फवारत होते. तुम्ही तेच खिडक्या लावून बेडरूममध्ये फवारणार?

उरलेली बाटली कुठे जाते हाही विचार करा. ती जाते ओट्याखाली, तेलाच्या कॅनशेजारी. जुलै 2013 मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या जेवणातून 23 लेकरं गेली, त्या तेलात मोनोक्रोटोफॉस निघालं होतं, म्हणजे शेतीचंच औषध. त्या बातमीनंतर मी आमच्या घरातली झाडांच्या फवारणीची जुनी बाटलीसुद्धा काढून टाकली.

घरात वापरायच्या डब्यावर बघायचं काय ते सांगते. प्रत्येक नोंदणी झालेल्या कीटकनाशकावर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो, लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. लाल-पिवळ्याला घराच्या उंबऱ्याच्या आत जागाच नाही. आणि चुकून कोणाला अशा फवाऱ्याने डोळ्यात पाणी, तोंडाला लाळ, दरदरून घाम, दम लागणं असं काही झालं तर ताक-लिंबूपाणी पाजत बसू नका, उलटी काढू नका, कपडे बदला, 108 ला फोन करा आणि बाटली सोबत न्या, डॉक्टरांना नाव कळलं की अर्धं काम सोपं होतं.

कूलर. याच्यावर मला मनापासून बोलायचं आहे, कारण मागच्या ऑगस्टमध्ये माझ्या धाकट्याला डेंगू झाला, आठ दिवस दवाखान्यात होता, रोज सकाळी प्लेटलेटचा आकडा यायची वाट पाहत आम्ही बाकावर बसायचो. घरी आल्यावर मागच्या खिडकीतला कूलर उघडला, मे महिन्यानंतर तो चालवलाच नव्हता, टाकीत पावसाचं पाणी आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्या. मेसेज म्हणतो, "पाण्यात दोन झाकणं रॉकेल टाका, पाणी काढायची गरज नाही." साचलेल्या डबक्यावर तेलाचा थर दिला की अळ्या गुदमरतात हे जुनं आणि खरं आहे, पण चालत्या कूलरमध्ये पंप ते पाणी फिरवत राहतो, थर टिकतच नाही, उलट रॉकेलचा वास ताट्यांमधून थेट झोपलेल्या माणसाच्या नाकात, शेजारी विजेची मोटर, म्हणजे आगीची भीती वेगळी.

आणि मुख्य गोष्ट मेसेजवाल्याला माहीतच नाही. डेंगूचा मच्छर, एडिस, अंडी पाण्यात नाही तर पाण्याच्या काठाला, टाकीच्या भिंतीला चिकटवतो. ती अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात, पाणी परत चढलं की फुटतात, आणि आपल्या उकाड्यात अंड्यापासून उडता मच्छर व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून नुसतं पाणी ओतून देणंही अर्धंच काम, टाकीच्या चारी भिंती घासणीने खरडून घासायच्या, आठवड्यातून एक दिवस ठरवून, आणि कूलर बंद केला की कोरडा करून ताट्या काढून ठेवायच्या. फ्रिजच्या मागचा ट्रे, कुंडीखालच्या बशा, गच्चीवरचं टायर, पक्ष्यांसाठी ठेवलेलं वाडगं, हे सगळं त्याच दिवशी. मोठं टाकं असेल तर गप्पी मासे सोडा.

"नाहीतर मनपाला फॉगिंग करायला सांगा" असंही त्याच मुद्द्यात आहे. धुराने त्या वेळी उडणारे मच्छर मरतात, टाकीतल्या अळीला आणि भिंतीवरच्या अंड्याला काही होत नाही. त्यात गाडी आली की आपण दारं-खिडक्या लावून घेतो आणि एडिस तर घरातच पलंगाखाली, पडद्यामागे बसलेला असतो, आणि चावतो दिवसा. दर वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, तेव्हा आपण "ईडा पिडा रोगराई घेऊन जा गे मारबत" म्हणत रस्त्यावर उभे राहतो, तेच डेंगूचे दिवस असतात. त्या सकाळी निघायच्या आधी टाकी घासून निघा, मी आता तसंच करते.

उधईचं डिझेल. पुण्या-मुंबईकडे वाळवी म्हणतात ती हीच. चौकटीवर डिझेल लावलं की समोर दिसणाऱ्या उधया मरतात, दोन महिने बरं वाटतं. पण आपल्याकडची उधई जमिनीतली, राणी खाली मातीत, चौकटीपर्यंत येतात त्या नुसत्या कामकरी, मातीच्या बारीक नळ्या करत करत. आमच्या दाराची चौकट अशीच गेली, वरून पेंट चकचकीत आणि आतून पापडासारखी पोकळ, एका माणसाने पैसे घेऊन तीन वेळा रॉकेलच मारलं होतं हे आम्हाला नंतर कळलं. खरं काम म्हणजे भिंत आणि फरशी जुळते त्या कडेने साधारण फूटभर अंतरावर 12 मिमीची भोकं पाडून औषध खाली मातीत सोडणं, मग भोकं बुजवणं. याचं भारतीय मानक आहे, आयएस 6313, बांधलेल्या घरासाठी त्याचा भाग 3. नवीन घर बांधून राहिले असाल तर पायाच्या वेळीच करून घ्या, आणि आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, तेव्हा भिंतीच्या कडेला भेगा पडल्या, नवीन ओटा किंवा पाइपसाठी खोदकाम झालं, की तेवढा पट्टा परत पाहून घ्या. आणि ते पहिल्या पावसातले पंखवाले किडे, त्यातले बरेच उधईचेच असतात. बाहेरून लाइटवर आले तर काही नाही, पण पंखांचा ढीग घरातल्या चौकटीपाशी, भिंतीच्या भेगेपाशी पडलेला दिसला तर वस्ती जवळ आहे समजा.

झुरळं. इथे मेसेजची अर्धी ओळ बरोबर आहे. बोरिक पावडर, साखर आणि कणकेच्या गोळ्या खरंच काम करतात, हळू करतात पण करतात, लेकरं आणि मांजर यांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवा म्हणजे झालं. पण "सोबत रोज स्प्रे मारा" हे नको. ओट्याखालचं बारीक तपकिरी झुरळ अंड्यांची पिशवी अंगाला लावून फिरतं, एका पिशवीत 30-40 अंडी, आणि स्प्रे त्या पिशवीच्या आत जात नाही. त्यात स्प्रेच्या वासाने झुरळं तुमच्या गोळ्यांकडे फिरकत नाहीत. एक काहीतरी निवडा. झुरळांसाठी मिळणाऱ्या जेलचे मसुराच्या दाण्याएवढे ठिपके बिजागरीत, सिलिंडरमागे, मिक्सरखाली लावा, ते खाऊन मेलेल्या झुरळाला आणि त्याच्या विष्ठेला बाकीची खातात आणि तीही मरतात. मोठी लाल झुरळं मोरीतून येतात, त्यांना जाळी लावा.

ढेकणांच्या गादीला ऊन दाखवून वरचे काही मरतील, पण त्यांना मारायला 50 अंशांच्या आसपास गरमी आतपर्यंत पोचावी लागते, कापसाच्या जाड गादीत ती पोचत नाही, ते सरकून खालच्या बाजूला जातात, आणि निम्मे तर पलंगाच्या सांध्यात, स्विचबोर्डमागेच राहिलेले असतात. चादरी-उशांचे अभ्रे उकळत्या पाण्यात घाला, पलंगाचे सांधे उघडून घ्या.

आवाजाच्या मशीनबद्दल एवढंच, अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2001 मध्येच असल्या मशीन बनवणाऱ्या-विकणाऱ्या 60 हून जास्त लोकांना ताकीद दिली होती की पुरावा असेल तरच दावे करा. डांबर गोळ्या मात्र लहान बाळाच्या कपड्यात कधीच ठेवू नका. काही बाळांमध्ये जन्मतःच जी6पीडी नावाचं एंझाइम कमी असतं, त्यांच्या रक्तातल्या लाल पेशी या वासाने फुटतात आणि जोराची कावीळ होते, आणि बाळाला ते कमी आहे हे आपल्याला आधी माहीत नसतं.

राहिलं "पेस्ट कंट्रोलवाले लुटतात". काही लुटतात, आम्ही स्वतः लुटले गेलो. पण त्याचं उत्तर शेतीचं विष घरात आणणं नाही. त्याला परवाना दाखवायला सांगा, औषधाचं नाव आणि प्रमाण बिलावर लिहून मागा, सीलबंद डबा तुमच्यासमोर उघडायला लावा. "हर्बल आहे, नाव नसतं त्याला" असं म्हणाला तर परत पाठवा.

आणि ज्यांनी ज्यांनी हा मेसेज पुढे ढकलला त्यांना हात जोडून विनंती, ज्यांना पाठवला त्यांना फोन करा, मेसेज नको, फोन. बहुतेकांचे वर्षाचे गहू मे महिन्यातच भरून झालेत, कोणी गोळी ठेवलीही असेल. कोठीत वाकून वास घेऊ नका, गोळीवर पाणी तर अजिबात टाकू नका, दारं-खिडक्या सताड उघडा, सगळे बाहेर या, त्या खोलीत आज कोणीही झोपू नका. कोणाला उलटी किंवा छातीत दडपण असेल तर लगेच दवाखान्यात न्या आणि पहिलं वाक्य हेच सांगा की घरात सल्फास होतं.