आकडा उतरला, पण काढ्याने नव्हे

वर्तकनगरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड आलाय: ‘एसजीपीटी हजाराच्या वर गेलं म्हणजे लिव्हर 90 टक्के संपलं. कारण एकच, दारू. गुळवेलीचा काढा 4 दिवस घ्या, आकडा निम्मा.’ खाली हात जोडलेल्यांची रांग. मी ठाण्यातल्याच एका लॅबमध्ये दिवसभर या नळ्या फिरवतो, म्हणून लिहितोय.

‘90 टक्के संपलं.’ हा हिशेब कुणी केला? एसजीओटी-एसजीपीटी ही यकृताच्या पेशींच्या आतली एन्झाइम्स. पेशीला इजा झाली की ती रक्तात सांडतात. आकड्यावरून सांडलं किती ते कळतं, भांड्यात उरलं किती ते नाही.

‘कारण दारूच.’ उलट, नुसत्या दारूने सुजलेल्या यकृतात एसजीओटी सहसा तीन-चारशेच्या पुढे जात नाही आणि बहुतेकदा एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त असतं. आकडे हजारांत गेले की आधी आठवावी ती व्हायरल कावीळ, पॅरासिटामॉलचा ओव्हरडोस, आणि जे कुणाच्या डोक्यातच येत नाही ते: रक्तपुरवठा तुटणं. हार्ट अटॅक, मोठा रक्तस्राव, सेप्सिस (अंगभर भिनलेला जंतुसंसर्ग), कशानेही बीपी कोसळलं की यकृत उपाशी पडतं. त्याला साधारण तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून येतं, बाकीचं धमनीतून. दोन्हीकडचा दाब पडला की ओळीत शेवटी बसलेल्या पेशी आधी मरतात. घोडबंदर रोडवाल्यांना हे वेगळं समजवायला नको. पाण्याच्या लाइनीत शेवटची बिल्डिंगच आधी कोरडी पडते. अशा वेळी एलडीएच, म्हणजे पेशींतलंच आणखी एक एन्झाइम, तेही उसळतं, व्हायरल काविळीत सहसा इतकं नाही. (सॅम्पल काढताना रक्तपेशी फुटल्या तरी एलडीएच आणि एसजीओटी खोटे वाढतात. नळीतलं सीरम पिवळसर असायच्या जागी गुलाबी दिसलं की आम्ही सॅम्पल परत मागवतो. लोक चिडतात.)

आता काढा. गेल्या पावसाळ्यात आयसीयूमधल्या एका आजोबांचं सॅम्पल आलं. हार्ट अटॅकनंतर बीपी बराच वेळ खाली होतं. एसजीओटी 4,200, एसजीपीटी 2,900. बीपी सावरल्यावर दोन दिवसांनी 1,100 आणि 1,700. काढा सोडाच, त्यांना तोंडाने पाणीसुद्धा चालू नव्हतं! रक्तातलं एसजीओटी साधारण 17 तासांत निम्मं होतं, एसजीपीटी 47 तासांत. सांडणं थांबलं की आकडे आपोआप उतरतात. या चार दिवसांत जे पाजाल, श्रेय त्याला मिळणार. आणि गुळवेल निरुपद्रवी असं धरून चालू नका. ती घेतलेल्या 6 जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने ती फेटाळली, वाद झाला. पण आधीच मार खाल्लेल्या यकृतावर हा प्रयोग कशाला?

फॉरवर्डमध्ये सगळ्यात घातक काय, तर आकडा उतरला म्हणजे बरं झालं हा समज. सांडायला पेशीच उरल्या नाहीत तरी आकडा उतरतो. तेव्हा पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) आणि बिलिरुबिन (काविळीचा पिवळा रंग) चढत असतात, शुगर घसरते, पेशंट बरळायला लागतो. आयएनआरसाठी रक्त वेगळ्या, निळ्या झाकणाच्या नळीत घ्यावं लागतं, एसजीपीटीच्या नळीतून तो निघत नाही.

परवा ग्रुपवरच एकाने लिहिलं, ‘काकांचं एसजीपीटी निम्म्यावर, काढ्याची कमाल.’ मी आयएनआर विचारला. तो केलाच नव्हता.