बॅक्लोफेनची गोळी ‘आजच बंद करा’ म्हणणाऱ्यांना

खानापूर-जांबोटीकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: मणक्याला मार बसलेल्यांना पाय आखडू नयेत म्हणून देतात ती बॅक्लोफेनची गोळी पाय कायमचे लुळे करते, किडनी खाते, तिची सवय लागते, आजच बंद करा आणि लसणाचं गरम तेल चोळा. माझी मामी तो वाचून मामांची गोळी बंद करायला निघाली होती, म्हणून लिहितोय.

सगळ्यात घातक शब्द आहे ‘आजच’. ही गोळी स्नायू आखडवणारे संदेश मज्जारज्जूतच दाबून धरते आणि शरीर त्याला सरावतं. ती एकदम तोडली की ताठरपणा उसळून येतो, भास होतात, फिटसुद्धा येऊ शकते. हे माझं मत नव्हे. अमेरिकेत औषधांना मंजुरी देणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने मंजूर केलेल्या माहितीपत्रकातच भास आणि फिट यांचा इशारा आहे, डोस हळूहळू उतरवा असं स्पष्ट लिहिलंय. 5 मिलिग्रॅम दिवसातून 3 वेळा अशी सुरुवात करून जी गोळी चढवत नेतात, ती एका रात्रीत कशी सोडणार? उद्या कुणाच्या घरी फिट आली तर मेसेज पाठवणारा धावून येणार आहे का?

‘लुळे करते’ यात थोडं तथ्य आहे, तेवढं मान्य. काहीजण पायाच्या ताठरपणावरच उभे राहतात. डोस जास्त झाला की त्यांचे पाय गळतात. झोप येते, चक्कर येते. ते डॉक्टरांना सांगायचं, डोस कमी करून घ्यायचा. पण फणसावरून पडल्यापासून मामांचे पाय एकमेकांवर इतके आवळून बसायचे, की कपडे बदलताना मामी दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी सारून ते सोडवायची. आता ते हाताने अलग होतात. हे रोज डोळ्यांसमोर असताना एका फॉरवर्डचं ऐकायचं?

किडनीचं उलटं आहे. औषध मुख्यतः लघवीवाटे जातं. किडनी आधीच कमजोर असेल तर ते साचतं, गुंगी येते, माणूस बरळतो. म्हणून क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनी कशी चालते हे सांगणाऱ्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा. सवयीचं म्हणाल तर बीपीच्याही काही गोळ्या एकदम सोडता येत नाहीत.

आणि गरम तेल? ज्या पायाला संवेदनाच नाही, तो भाजला तरी माणसाला कळत नाही.

पाऊस लागला की आमच्या आतल्या गावांतून खानापूर गाठणं अवघड होतं, आणि गोळ्या संपल्या तरी डोस तुटतोच. पाकीट संपायच्या आठवडाभर आधी मेडिकलमधून दुसरं आणून ठेवा. गोळी कमीच करायची असेल तर कोणत्या आठवड्यात किती, हे डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या.